आजी-आजोबा अमेरिकेला निघताना

पहिला प्रश्न तिकिटाचा नाही, मुक्कामाचा आहे. किती दिवस राहायचं? बहुतेक घरांत हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सहा महिने राहू देतात असं ऐकलेलं असतं, तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत असं वाटतं, मुलांना तिकडच्या पाळणाघराचा खर्च झेपत नसतो, आणि नातवंडाची ओढ तर असतेच. सगळं जुळून येतं आणि सहा महिने परस्पर ठरून जातात. मग चौथ्या महिन्यात आजोबा खिडकीशी बसून सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत असतात, आजीचे गुडघे बोलायला लागलेले असतात, आणि सुनेला स्वतःच्या स्वयंपाकघरात डबे शोधावे लागतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला दोन ते तीन महिने पुरेत. पहिले पंधरा दिवस झोपेचं गणित बसवण्यात आणि बाळाला तुमची ओळख होण्यात जातात. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे खरे आनंदाचे. घरची गरजच सहा महिन्यांची असेल, म्हणजे बाळंतपण असेल, तर दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी पाळी लावावी. आधी मुलीचे आईवडील, मग मुलाचे. आता पुष्कळ कुटुंबं हेच करतात, आणि विहीणबाईंशी फोनवर चार जास्तीच्या गोष्टी होतात तो फायदा वेगळाच.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. आपण तिथे पाहुणे म्हणून चाललो आहोत की मदतीला? दोन्ही असेल तर कोणत्या वेळी काय? हे तिकीट काढायच्या आधी मुलगा आणि सून, किंवा मुलगी आणि जावई, दोघंही समोर असताना बोलून घ्या. एकट्या मुलाशी फोनवर बोलून ठरवलेलं पुढे सुनेला नवीनच असतं. बाळ दिवसभर आपल्याकडे राहणार की पाळणाघरातून आल्यावर? स्वयंपाक कुणाचा? शनिवार-रविवार आपल्याला सुट्टी आहे का? विम्याचे पैसे कोण भरणार? नायगारा किंवा ग्रँड कॅनियन बघायचा असेल तर कधी, आणि कुणाबरोबर? ‘पोटच्या पोरांशी कसला हिशेब’ असं म्हणून आपण हे टाळतो. पण न बोललेला हिशेब प्रत्येक जण मनात मांडतच असतो, आणि तो कधी जुळत नाही.

व्हिसा आणि विमानतळावरची खिडकी

अमेरिकेच्या बाबतीत आपल्याला लागतो तो बी-१/बी-२ हा भेटीचा व्हिसा. डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, आधी एका केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, म्हणून जायचं नक्की झालं की व्हिसाचं काम लगेच सुरू करा आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. वयस्कांना मुलाखत माफ असते हे जुन्या माहितीवर धरून चालू नका. सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांनाही ती सरसकट माफ नाही. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा शेजारच्या काकांच्या अनुभवापेक्षा वकिलातीची अधिकृत वेबसाइट पाहावी. मुलाखत मराठीतही देता येते, आणि मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी. मोबाइल आत नेता येत नाही.

अधिकाऱ्याला कायद्याने असंच धरून चालायचं असतं की समोरचा माणूस तिकडेच राहणार. परत येणार हे आपण पटवायचं असतं. त्यामुळे मुलाच्या पगाराच्या कागदांइतकंच महत्त्व आपल्या पेन्शनला, घराला आणि इथे असलेल्या दुसऱ्या मुलाला. उत्तरं थोडक्यात आणि खरी द्या. न विचारलेलं सांगू नका.

इथे वर म्हटलेली पाहुणे-की-मदतनीस ही गोष्ट पुन्हा येते, आणि या वेळी ती कायद्याची असते. ‘कशाला चाललात?’ याचं खरं उत्तर ‘मुलाला आणि नातवाला भेटायला’ असं असेल तर काही प्रश्न नाही. भेटीला गेलेली आजी नातवाला भरवते, झोपवते, त्याला कुणी काम म्हणत नाही. पण ‘पाळणाघर महाग पडतं म्हणून बाळ सांभाळायला बोलावलंय’ असं उत्तर दिलंत तर अधिकारी ते नोकरीच्या रकान्यात टाकू शकतो, आणि भेटीच्या व्हिसावर नोकरी चालत नाही. शब्द बदलून सुटका होईल असं समजू नका. बेतच पाळणाघराला पर्याय म्हणून आखला असेल तर तो बेतच बदला.

व्हिसा बहुतेकांना दहा वर्षांचा मिळतो. त्याचा अर्थ दहा वर्षांत केव्हाही जाता येतं, एवढाच. एका खेपेत किती राहायचं हे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती सहसा सहा महिन्यांपर्यंतची असते. पोचल्याच्या दोन दिवसांत मुलाला ही नोंद सरकारी वेबसाइटवर उघडायला सांगा, छापून घ्या आणि पासपोर्टात ठेवा. आजारपणामुळे मुक्काम वाढवायची वेळ आली तर मुदत संपायच्या आत अर्ज करावा लागतो. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल आणि पासपोर्ट नवा असेल तर दोन्ही बरोबर हवेत.

इतर देशांचं वेगळं आहे. कॅनडात आईवडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर एका खेपेत ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण आरोग्य विमा सक्तीचा. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि तिथेही किमान ३०,००० युरोचा विमा दाखवावा लागतो. मुलं तिकडे असतील तर मुक्कामाचा हिशेब त्या आकड्यांपासून सुरू करा.

विमा, गोळ्या आणि लशी

अमेरिका पाहुण्यांना विमा सक्तीचा करत नाही, आणि म्हणूनच लोक तो काढत नाहीत. हे करू नका. तिकडे इमर्जन्सीत एकदा पाऊल ठेवलं की बिल सहज हजारो डॉलरच्या घरात जातं, आणि ते मुलाच्या डोक्यावर बसतं. दोन प्रकारच्या पॉलिसी असतात. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. हप्ता कमी, पण खरं बिल त्याच्या कितीतरी पुढे जातं. दुसरीत सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरली की पुढच्या बिलाचा मोठा भाग कंपनी उचलते, आणि तिच्या यादीतल्या रुग्णालयांशी तिचे दर ठरलेले असतात. हप्ता जास्त असला तरी दुसरीच घ्या.

पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. आपल्या वयात रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांपैकी काहीतरी असतंच. बऱ्याच पॉलिसी जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार देत नाहीत, फक्त तो अचानक बळावला तर खर्च देतात, आणि तेही विशिष्ट वयापर्यंत आणि विशिष्ट रकमेपर्यंत. सत्तरीनंतर या रकमा झपाट्याने खाली येतात. आजार लपवून पॉलिसी घेतली तर दावा फेटाळला जाईल, मग हप्ताही गेला आणि बिलही आलं. दात बहुतेक पॉलिसींत नसतात, तेव्हा दुखरी दाढ, हलणारी कवळी, मोतीबिंदू हे सगळं निघण्याआधी महिनाभर इथेच उरकून घ्या.

बारीकसारीक दुखण्याला थेट इमर्जन्सीत धावायचं नसतं. तिकडे अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात. ताप, जुलाब, पाय मुरगळणं, लघवीचा जंतुसंसर्ग याला ते पुरतात आणि खर्चही कितीतरी कमी येतो. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर मात्र मुलाला ऑफिसात फोन लावत बसू नका, सरळ ९११ फिरवा. घराचा पूर्ण पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, कारण घाबरल्यावर अपार्टमेंटचा नंबर आठवत नाही.

गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्याव्यात, पण साधारण ९० दिवसांचा साठा ही मर्यादा धरून चालावं. दोन-तीन महिन्यांचा मुक्काम बरा, याचं हेही एक कारण. मूळ पाकिटातच न्या; आठवड्याच्या रकान्यांच्या डबीत सुट्या करून नेल्या तर कुठली गोळी कुठली हे अधिकाऱ्याला कळायला मार्ग नाही. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह, म्हणजे कंपनीचं नाव न लिहिता, इंग्रजीत चिठ्ठी घ्या. निम्मा साठा हातातल्या बॅगेत, इन्सुलिन तर सगळंच. आखाती देशांतून जाणार असाल तर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं बरोबर ठेवू नका, तिथे त्यांवर कडक निर्बंध आहेत.

बाळ लहान असेल तर त्याचे डॉक्टर तुमच्याकडून दोन लशींची अपेक्षा ठेवतील: फ्लूची, आणि डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी टीडॅप. ही दुसरी बाळाला भेटण्याआधी किमान दोन आठवडे घेतलेली असावी. ‘आम्ही काय रोगी आहोत का?’ असं म्हणून रागावू नका. दोन महिन्यांच्या बाळाला डांग्या खोकला जिवावर बेतू शकतो, आणि त्याची स्वतःची लस तेव्हा पुरी झालेली नसते.

बॅगेत काय

बॅगा भरणं हा आपल्याकडे एक सोहळाच असतो. विमान कंपनी बहुतेक वेळा प्रत्येकी २३ किलोचे दोन नग देते, पण स्वस्त तिकिटावर एकच मिळतो. तिकीट बघा, मग लाडू वळा.

न चालणाऱ्या गोष्टींची यादी आपल्या लोकांना नेमकी जिथे लागते तिथे सांगते. ताजी फळं आणि भाज्या नाहीत, म्हणजे हापूस नाही. कढीपत्त्याचा ताजा पाला नाही. मांस नाही, बियाणं नाही, रोप नाही, देव्हाऱ्यातल्या तुळशीचं तर नावच नको. कच्चा तांदूळ आणि हरभरेही नाहीत. आंबेमोहोरापायी पुष्कळांच्या बॅगा उघडल्या जातात. कारण खापरा नावाचा धान्यातला किडा, जो अमेरिकेला आपल्या हद्दीत नको आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्याच नाकारतात, कारण त्यातलं तेल पेट घेतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे जात असाल तर खसखस नेऊ नका, तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत येते. म्हणजे पाकीट तर नाहीच, पण दिवाळीला निघालेल्या आजीच्या डब्यातल्या अनारशांवरही तीच असते, करंज्यांच्या सारणातही. थेट विमान असेल तर अनारसे न्या, नाहीतर तिकडेच तळा.

गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू, चकल्या हे सगळं चेक-इनच्या बॅगेत, घट्ट बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून. हातातल्या बॅगेत साधारण दीड कपाहून जास्त पूड असली तर अमेरिकेच्या विमानात चढताना ती उघडून तपासू शकतात. मेतकूट म्हणजे काय हे सुरक्षा रक्षकाला समजावत उभं राहण्यात मजा नाही. पॉवर बँक मात्र उलट, फक्त हातातल्या बॅगेत.

उतरल्यावर ‘खायचं काही आहे का?’ असं विचारतील. हो म्हणा. सगळं सांगा. सांगितलेली वस्तू न चालणारी निघाली तर ती काढून घेतात, बात संपली. लपवलेली सापडली तर दंड ३०० डॉलरपासून सुरू होतो आणि पुढच्या वेळी तुमची बॅग आधीच बाजूला काढली जाते.

मुळात एवढं न्यायचं का, हाही प्रश्न आहे. न्यू जर्सी, शिकागो, डॅलस किंवा बे एरियात राहणाऱ्या मुलांच्या घराजवळ भारतीय दुकान असतंच, आणि तिथे पोह्यांपासून चितळ्यांच्या बाकरवडीपर्यंत पुष्कळ काही मिळतं. त्यापेक्षा चांगल्या तळव्यांचे बूट, थंडीत जाणार असाल तर आतून घालायचे गरम कपडे, चष्म्याचा जास्तीचा जोड, आणि बाळासाठी मराठी चित्रांची पुस्तकं न्या. मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज ११०-१२० व्होल्टची, आपला मिक्सर तिच्यावर नुसता कुंथतो. दागिनेही घरच्या लॉकरमध्येच बरे.

प्रवास

मुंबईहून न्यूयॉर्क परिसरात थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास किंवा त्याहून जास्त घेतं. दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या, पायांवर सूज येत असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घाला. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. मोठ्या विमानतळांवर अर्धा-अर्धा तास चालावं लागतं, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस रांगेतून थेट दारापर्यंत सोडतो. विमान बदलून जायचं असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बहुतेक वेळा सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते. वयस्क जोडप्यांना हे सोयीचं पडतं.

घर त्यांचं

आता खरी परीक्षा. तिकडची घरं बरीचशी लाकडी, जमिनीवर गालिचा, आणि छताला धूर ओळखणारं यंत्र. पहिल्या दिवशी आजी हौसेने कढईत तेल तापवते, मोहरी तडतडते, हिंग-मिरची पडते, आणि डोक्यावर ते यंत्र कान फाटेल असं किंचाळायला लागतं. बाळ दचकून उठतं, आजोबा टॉवेलने वारा घालत सुटतात. काही इमारतींत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं, मग खाली लाल गाडी येऊन उभी. फोडणी द्यायच्या आधी वरचा पंखा सुरू करा, खिडकी उघडा, तेल धुरेपर्यंत तापवू नका. शेगडी विजेची आणि वरून काचेची असेल तर जड लोखंडी तवा तिच्यावर आपटू किंवा फरपटवू नका. तळणाचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, बाटलीत भरून कचऱ्यात टाकायचं.

न्हाणीघराच्या फरशीला मोरी नसते. पाणी टबातच राहायला हवं आणि पडदा टबाच्या आतल्या बाजूला हवा. नाहीतर ते फरशीतून झिरपून खालच्या मजल्यावरच्या छतावर डाग पाडतं. बादली-तांब्याची सवय असणाऱ्यांना हे पहिले चार दिवस जड जातं. टब ओला आणि गुळगुळीत, त्यात पाय उचलून शिरायचं, म्हणजे पडायची हमखास जागा. मुलाला आधीच सांगून भिंतीला धरायचा दांडा आणि खाली रबरी चटई बसवून घ्या. हाड मोडण्याच्या खर्चापुढे दांड्याचा खर्च काहीच नाही.

स्वयंपाकघर मात्र सुनेचं किंवा मुलीचंच. डब्यांच्या जागा बदलू नका. हे लहान वाटतं, पण भांडणं इथूनच सुरू होतात.

बाळ

आपण मुलं वाढवली, ती मोठी होऊन अमेरिकेत पोचली, याचा अभिमान असतोच. तरीही बाळाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याच्या आईबापांचा. आणि काही नियम नव्या पिढीची हौस म्हणून आलेले नाहीत, त्यांमागे कारण आहे. बाळाला झोपवायचं ते पाठीवरच, आणि पाळण्यात उशी, दुलई, मऊ खेळणी काही ठेवायची नाहीत. पालथं झोपल्याने आणि तोंडावर मऊ वस्तू येऊन बाळं दगावतात. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, अगदी बारशालाही नाही; त्यातल्या जिवाणूंच्या बीजकांपासून लहान बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही. वर्षापर्यंत गाईचं दूध प्यायला नाही. काजळात शिसं असू शकतं. तीट लावायचीच हौस असेल तर आईबापांना विचारून, आणि डोळ्यांत तर कधीच नाही. बाळघुटीच्या मुळ्या उगाळायला नेल्या असतील तर पिशवीतच राहू द्या. कुठली मुळी किती वेढे याचं प्रमाण आपल्या आजीच्या हातात होतं, आपल्या हातात ते आलेलं नाही. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नका.

गाडीत बाळ मांडीवर घ्यायचं नाही, कितीही रडलं तरी. त्याची खुर्ची वेगळी असते आणि तो कायदा आहे. दोन मिनिटांसाठीही त्याला गाडीत एकटं सोडायचं नाही. चापट मारायची नाही. तिकडे शिक्षक आणि डॉक्टर यांना संशय आला तर कळवणं बंधनकारक असतं. मोबाइलवर गाणी लावून भरवणंही थांबवा. दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉल सोडून पडदा नको असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. बाळाचा फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी विचारा, प्रत्येक वेळी.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ पहिल्या दिवशी तुम्हाला बघून रडेल. विमानतळावर हात पुढे करून झेप घेऊ नका. आईच्या कडेवर असू दे, तुम्ही शेजारी बसा, त्याच्याकडे बघूच नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते स्वतः तुमच्या चष्म्याला हात घालेल.

आणि एक काम फक्त तुम्हीच करू शकता. त्याच्याशी मराठीत बोला. सतत बोला, पोळी लाटताना, कपडे घडी करताना, खिडकीतून खार दिसली तर. मूल मोठं असेल तर उत्तर इंग्रजीत देईल. देऊ द्या, टोकू नका, ‘मराठीत सांग’ म्हणून परीक्षा घेऊ नका. तुम्ही तुमची भाषा चालू ठेवा. रविवारची मराठी शाळा जवळ असेल तर पोचवायला तुम्ही जा. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि त्याच्या पुढाकाराने अशा शाळा बऱ्याच शहरांत चालतात. मंडळाच्या गणपतीत तुमच्यासारखी दहा जोडपी भेटतील, पुढचे मंगळवार-गुरुवार मार्गी लागतील.

कारण दिवस मोठा असतो. सकाळी साडेआठला दार लागतं, घर शांत होतं. गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. आजोबांनी यावर इलाज म्हणून गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठावं. जायला पैसे पडत नाहीत, गोष्टींचा तास असतो, तिथे नातवंडाला घेऊन बसता येतं. पायी जाताना लक्षात ठेवा, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. हिवाळ्यात फरसबंदीवर काचेसारखा बर्फ दिसतही नाही, त्या दिवसांत घरातच येरझाऱ्या घाला. पहिलीच खेप असेल तर मुळात मे ते सप्टेंबर हे महिने निवडा.

मागे राहिलेलं घर

बँकेचे ओटीपी इथल्या नंबरावर येतात, तेव्हा सिम बंद पडू देऊ नका. रोमिंग सुरू करून, मुक्काम पुरेल असं रिचार्ज करून निघा. नोव्हेंबरात तिकडे असाल तर हयातीचा दाखला जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून देता येतो. पण ते ॲप इथे असतानाच मोबाइलवर घेऊन एकदा चालवून बघा. ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना ऑक्टोबरपासून ही सोय आहे. गॅस रेग्युलेटरवरून बंद, पाण्याचा मुख्य नळ बंद, एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे. वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स आगाऊ भरून टाका.

परतताना तीन वर्षांच्या नातवाला झोपेत सोडून पळू नका. चार दिवस आधीपासून सांगा, कॅलेंडरवर त्याच्या हाताने फुली मारून घ्या. रडेल, पण उठल्यावर आजी गायब असं होणार नाही. नंतरच्या फोनची वेळही त्याच्यासमोर ठरवा. न्यू जर्सीत सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा साडेपाचला फोन उचलला नाही तर काळजी करत बसू नका. तिकडे सातच वाजलेले असतात. साडेसहाला पुन्हा लावा.